जातीची का जायची? मथळे लिहिणाऱ्या मंडळींना एक खुले पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांतील उपसंपादक आणि वृत्तवाहिन्यांच्या पडद्याखालची पट्टी लिहिणारी सर्व मंडळी

स. न. वि. वि.

‘एसटीत महिलांना ५० टक्के’ असा मथळा तुमच्यापैकी कुणी दिला, तर बातमी कशाची असेल? १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले, त्याबद्दलची असू शकेल. किंवा जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुकीत अनुसूचित जमातींसाठी राखीव जागांपैकी निम्म्या त्याच जमातींच्या महिलांकडे जातात, त्या सोडतीबद्दलचीही असू शकेल. आकडा तोच, शब्द तेच, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या. ‘एसटी आरक्षण’ हा तर याहून अवघड प्रकार. गणपती जवळ आले की कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांचे आरक्षण सुरू होते, आणि त्याच सुमारास कुठला ना कुठला समाज एसटी आरक्षणासाठी उपोषणाला बसलेला असतो. मोबाइलवर नुसते मथळे सरकवत जाणाऱ्या माणसाने काय समजायचे?

माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या मथळ्यातली एसटी बसची असेल, तर ती खुशाल एसटी राहू द्या. जमातीची असेल, तर मात्र मेहेरबानी करून ‘अनुसूचित जमाती’ किंवा ‘आदिवासी’ असे लिहा.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, गुजरातच्या हद्दीजवळ, तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. आमच्याकडे या दोन्ही एसटींचे गिऱ्हाईक एकाच रांगेत उभे असते. ‘भाऊ, एसटीचा फॉर्म हाये का?’ असे कुणी विचारले की आमचा ठरलेला उलटा प्रश्न असतो, ‘जातीची का जायची?’ एका आजोबांनी त्यावर ऐकवले होते, ‘दोन्ही दे बाबा. जायची आली, तरच जातीचीसाठी प्रांतापर्यंत पोचू ना!’ जातीचा दाखला जिथून मिळतो ते प्रांत कार्यालय आमच्या बऱ्याच पाड्यांपासून लांब आहे आणि तिथे जाणारी गाडी चुकली की दिवस गेला, हे ज्याला माहीत आहे त्याला आजोबांच्या बोलण्यातली खोच कळेल.

‘एसटीचा दाखला’ हा शब्दप्रयोगही असाच दुतोंडी. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसच्या पाससाठी ती तिथे शिकते असा दाखला लागतो. त्यावर फोटो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, कुठून कुठपर्यंत जायचे ते थांबे, एवढे झाले की काम झाले. बारावीपर्यंतच्या मुलींना तर पैसेही पडत नाहीत. दुसरा एसटीचा दाखला म्हणजे जातीचे प्रमाणपत्र. त्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे काय, तर बहुधा आज्या-पणज्याच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. शाळेत गेलेला पणजा आमच्या डोंगरात कितीजणांना असणार? मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, नक्कल शोधा, चुलत घराण्यात कुणाचे प्रमाणपत्र निघाले आहे का ते पाहा, वंशावळ मांडा, शपथपत्र करा. पुढे तो दाखला खरा का ते तपासणारी वैधता समिती वेगळीच. एक दाखला दहा मिनिटांत होतो, दुसऱ्यापायी माणसाचे वर्ष जाते. नाव मात्र दोघांचे एकच.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीवरचा गोंधळ खिडकीवर मिटतो, त्याचे आम्हाला काय? मिटतो हे खरे, कारण तिथे माणूस समोर असतो आणि उलटा प्रश्न विचारता येतो. छापलेल्या अक्षराला उलटा प्रश्न विचारता येत नाही. आमच्याच भागातल्या एका शाळेची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. फळ्यावर सूचना लागली, ‘एसटीच्या विद्यार्थ्यांनी आजच कार्यालयात नावे द्यावीत.’ सूचना शिष्यवृत्तीची होती. नावे द्यायला आली ती लांबच्या गावांहून बसने येणारी मुले, कारण शाळेच्या बोलीत ‘एसटीची मुले’ म्हणजे तीच. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून शेवटच्या तासाला ‘एसटीच्या मुलांनी निघा’ असे मास्तर रोज म्हणतात. ज्यांच्यासाठी सूचना होती ती वसतिगृहातली पोरे आपल्या जागेवरून हललीही नाहीत, कारण ती कुठल्या गाडीने येत नाहीत. मुदत संपायच्या आत कुणाच्या तरी ध्यानात आले म्हणून निभावले. पण याची दुसरी बाजू मला जास्त लागली. त्याच गावातल्या एका पालकाने पारावर बसून तक्रार केली होती, ‘एसटीच्या पोरांना रोज लवकर सोडतात, आमच्यांना का नाही?’ तो बसबद्दल बोलतच नव्हता! रोज पाच-दहा मिनिटे आधी सुटणारी मुले सगळ्या जातींची होती, पण त्याच्या डोक्यात ती सवलत भलत्यांच्या नावावर जमा झाली होती. दोन अक्षरांमुळे असा आकस तयार होतो आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

या दोन्ही एसटी जवळजवळ एका वयाच्या आहेत. बसची थोरली. १ जून १९४८ ला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली. त्याआधी रस्त्यांवर खासगी मोटारी धावायच्या, जुनी माणसे त्यांना सर्व्हिस मोटार म्हणत. गाडी भरली की सुटणार आणि मालकाच्या मनात येईल ते भाडे, असा कारभार. सरकारने वाहतूक हातात घेतली आणि तिला नाव पडले स्टेट ट्रान्सपोर्ट. यातली एक गंमत फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १९४८ मध्ये मुंबई हा कायद्याने प्रांत होता. ‘राज्य’ हा शब्द त्याला लागला २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाल्यावर. तेव्हा नावातले स्टेट म्हणजे आज आपण समजतो ते महाराष्ट्र राज्य नव्हेच. खासगी नाही, सरकारी, एवढाच त्याचा अर्थ असावा असे मला वाटते. पुढे १९६० साली मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, महामंडळेही दोन झाली, पण बोलीतली एसटी दोन्हीकडे राहिली. आमच्या हद्दीपलीकडे आहव्याला, सापुताऱ्याला गुजरात महामंडळाच्या गाडीलाही लोक एसटीच म्हणतात. मराठी आणि गुजराती माणसांनी वाटणी न करता ठेवलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक.

आपल्याकडे तर या शब्दाने पुरते घर केले. तो स्त्रीलिंगी झाला, त्याचे अनेकवचन झाले. यात्रेला जादा एसट्या सोडतात. एसटीने जातात, एसटीत जागा धरतात, खिडकीतून रुमाल टाकून. खेड्यात तिची यष्टी झाली आणि स्टँडचा ष्ट्यांड झाला. लाल डबा म्हणून तिला नावे ठेवणारे आणि लाल परी म्हणून तिचे कौतुक करणारे तेच लोक. ‘गाव तिथे एसटी’ हे वाक्य वाचताना स्टेट ट्रान्सपोर्ट असा विस्तार कुणीही मनात करत नाही. संक्षेप म्हणून ती केव्हाच संपली आणि मराठी शब्द म्हणून उरली. महामंडळाच्या कागदोपत्री मराठीत तिला ‘रा. प.’ म्हणतात, म्हणजे राज्य परिवहन. पण ‘रा. प. आली का?’ असे विचारणारा प्रवासी मला अजून भेटायचा आहे.

मुंबईकरांच्या ‘बेस्ट’चे असेच झाले. १९०५ ची ती कंपनी होती तेव्हा त्यातला टी ट्रामवेजचा होता. १९४७ मध्ये महापालिकेने ती ताब्यात घेतल्यावर टी ट्रान्सपोर्टचा झाला. १९६४ मध्ये शेवटची ट्राम धावली. पुढे शहराचे नाव बदलल्यावर पहिल्या बीचाही बॉम्बे जाऊन बृहन्मुंबई झाला. अक्षरांखालचे अर्थ एकेक करून काढून नवे बसवले, आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागला नाही. शब्द झालेल्या संक्षेपाला अर्थाची गरज उरत नाही, ती अशी.

डॉक्टर मंडळींची एसटी तर सुरुवातीपासूनच अर्थाशिवाय आहे. छातीचा कागद काढल्यावर ‘एसटी वर गेलीय’ असे ते म्हणतात, तेव्हा ती कशाचाच संक्षेप नसतो. हृदयाच्या आलेखातल्या लाटांना विलेम आइंटहोवन या डच शास्त्रज्ञाने पी, क्यू, आर, एस, टी अशी सलग अक्षरे दिली, त्यातली ही शेवटची दोन. नातेवाइकांना ते ऐकून क्षणभर गाडीच दिसते, पण तिथे नुकसान होत नाही, कारण कागद वाचणारा वेगळा आणि घाबरणारा वेगळा. व्यापाऱ्यांच्या बिलांवरही एके काळी सीएसटी नंबर असायचा, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, आणि मुंबईच्या लोकलवर तेव्हा हीच तीन अक्षरे एका स्टेशनाची होती. तेही चालून गेले. करभरणा करायला कुणी बोरीबंदरला उतरला नाही.

जमातीच्या एसटीचे मात्र तसे नाही. संविधानाच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० ला आदेश काढून राज्याराज्यांतल्या जमातींची यादी जाहीर केली. ती यादी म्हणजे अनुसूची, आणि तिच्यात नाव आहे ती अनुसूचित जमात. म्हणजे ही एसटी अजूनही पूर्णपणे संक्षेपच आहे, आणि तिच्यामागे उभी आहे एक लांबलचक यादी, नावानिशी. भिल्ल, कोकणा, वारली, ठाकर, कातकरी, गोंड, कोरकू, कोलाम, आंध, परधान. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात या यादीतले १ कोटी ५ लाखांहून जास्त लोक मोजले गेले. शंभरातले नऊ.

आणि ही यादी कशी वाचायची याचे नियम कडक आहेत. तीत राज्य सरकारला भर घालता येत नाही, न्यायालयालाही नाही. ते काम संसदेचे. हलबा, हलबी ही नावे यादीत आहेत. मग हलबा कोष्टी त्यात येतात का, यावर विदर्भात वर्षानुवर्षे भांडण चालले. शेवटी २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यादी जशी आहे तशीच वाचायची, तीत नसलेले नाव पुराव्याने आत आणता येणार नाही. ओरांव, धांगड अशी दुसरी नोंद आहे. त्यातला धांगड म्हणजेच धनगर का, हा वाद तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा छापला आहे की मी नव्याने सांगायची गरज नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. कुणाची बाजू बरोबर हे सांगायला मी बसलेलो नाही. मला एवढेच दिसते की जिथे ‘र’ आणि ‘ड’ यांच्यातल्या फरकावर लाखो माणसांचे गणित ठरते, तिथे आपण अख्ख्या यादीला दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळतो, तीही बसशी वाटून घेतलेली.

संक्षेप किती महाग पडू शकतो ते जुन्या रजिस्टरांत पाहावे. समजा, जातीच्या रकान्यात बोरूच्या अक्षरात ‘म. को.’ एवढेच लिहिलेले आहे. लिहिणाऱ्या गुरुजींना तेव्हा सगळे गाव माहीत असेल, त्यांना पुरे वाटले असेल. पण आज पंचाहत्तर वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याने काय वाचायचे? महादेव कोळी वाचले तर यादीत नाव आहे. मल्हार कोळी वाचले तरी आहे, पण नोंद निराळी. मांगेला कोळी वाचले तर नाही. पणतू समोर हात जोडून उभा, आणि सगळी भिस्त एका ‘म’ वर. कोळी, कोळी महादेव, कोळी मल्हार, टोकरे कोळी ही नावे एकमेकांजवळ बसतात आणि कायद्यात एकमेकांपासून कोसभर दूर असतात. गुरुजींनी दौतीतली चार थेंब शाई जास्त खर्च केली असती, तर आज कितीतरी वकिलांचे पोट उपाशी राहिले असते.

या एसटीला राज्याची हद्दही लागते, हे शहरातल्या वाचकाला बहुतेक वेळा ठाऊक नसते. बंजारा समाज घ्या. तेलंगणात तो अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि आपल्याकडे विमुक्त जातींत. तांडा तोच, सोयरीक तीच. सीमा ओलांडली की अक्षरे बदलतात. कुणबी म्हटले की महाराष्ट्रात आपण डोळे मिटून ओबीसी म्हणतो. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप हे २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. गोव्याच्या वाचकाची आणखी एक मजा अशी की त्याच्याकडची सरकारी बस कदंबची असते. त्यामुळे तिथे एसटी म्हटले की एकच अर्थ. २०२१ च्या हिवाळ्यात तुम्ही रोज ‘एसटीचा संप’, ‘एसटीचे विलीनीकरण’ असे मथळे देत होता, तेव्हा काणकोणच्या एखाद्या वेळीप माणसाने ते वाचून काय समजून घेतले असेल याचा मी विचार करतो. एसटीला सरकारात विलीन करा ही मागणी त्याला नवीच वाटली असणार.

‘अनुसूचित जमाती’ मथळ्यात मावत नाही, ही तुमची अडचण मला मान्य आहे. एका रकान्याच्या बातमीत तो शब्द सबंध ओळ खातो, आणि पडद्यावरच्या पट्टीत तर तो वाचेपर्यंत पट्टी निघून जाते. म्हणून मथळ्यात ‘आदिवासी’ लिहा. चार अक्षरांचा, सगळ्यांना कळणारा शब्द आहे. आपल्या राज्यात त्या खात्याचेच नाव आदिवासी विकास विभाग आहे. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी याच शब्दाचा आग्रह धरला होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे ते कर्णधार होते, आणि सभेत त्यांनी आपण आदिवासी आहोत हे ठणकावून सांगितले. संविधानात तो शब्द आला नाही, ‘अनुसूचित जमाती’ आला. तेव्हा दोन्ही शब्द तंतोतंत एक नाहीत, हे खरे. एखादा समाज स्वतःला आदिवासी म्हणवतो, पण त्या राज्याच्या यादीत नसतो. जिथे यादीचाच प्रश्न असेल, समावेश, वैधता, न्यायालयाचा निकाल, तिथे मजकुराच्या पहिल्या वाक्यात ‘अनुसूचित जमाती’ पुरते लिहा, मथळ्यात काहीही असो. आश्रमशाळा, वनहक्क, शिष्यवृत्ती, मोर्चा अशा बातम्यांना ‘आदिवासी’ पुरतो, आणि शोभतोही.

‘एससी, एसटी, ओबीसी’ अशी माळ जिथे येते, तिथे मी हट्ट धरणार नाही. शेजारी एससी बसली की एसटीला चाके फुटत नाहीत. माझी तक्रार एकट्या एसटीबद्दल आहे. ‘एसटीच्या जागा घटल्या.’ ‘एसटीची भरती रखडली.’ ‘एसटीला निधी नाही.’ यातले एकेक वाक्य दोन्हीकडे चालते, तुम्हीच ताडून पाहा. महामंडळाला निधी नाही आणि आदिवासी उपयोजनेचा निधी वळवला, या दोन्ही बातम्या दर अधिवेशनात येतातच.

काहीजण सुचवतील की मग बसलाच दुसरे नाव द्या. ते होणार नाही आणि होऊ नये. सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द कुणाच्या परिपत्रकाने जात नाही. व्हीटीचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात महाराज जोडले, आणि अजूनही टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ म्हटले की तो मीटर टाकतो. शिवाय बसची एसटी ही लोकांनी हौसेने उचललेली आहे. जमातीची एसटी लोकांनी उचललेली नाही, फॉर्मवरच्या रकान्यातून ती त्यांच्या अंगाला चिकटली. आमच्या पाड्यांवर कुणी आपल्या घराबद्दल सांगताना ‘आम्ही एसटी’ असे म्हणत नाही. तो म्हणतो आम्ही कोकणा, आम्ही वारली. एसटी तो फक्त खिडकीवर म्हणतो, आणि तेही मीच विचारले म्हणून, ‘कास्ट कॅटेगरी काय?’ तेव्हा दोघांपैकी कुणी वाट सोडायची हे ठरवणे मला तरी अवघड जात नाही.

एक शेवटचा मुद्दा, संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांसाठी. ‘एसटी’ असा टॅग टाकला की तुमच्या जुन्या बातम्यांच्या गठ्ठ्यात दोन्ही एसटी एकत्र पडतात. मी खिडकीवर बसून एखादा शासन निर्णय कधी निघाला ते शोधू लागतो, तर आधी शिवनेरीचे वेळापत्रक, मग आदिवासी वसतिगृहाचा मोर्चा, मग एसटी बँकेची निवडणूक, असे एकाखाली एक येते. आदिवासींच्या प्रश्नावरच्या बातमीला लाल बसचे चित्र चिकटलेलेही पाहिले आहे. मथळा नीट लिहिला तर टॅग आपोआप नीट होईल. तेवढे केलेत तर आमच्यासारख्यांचा, आणि कुठला नियम कधी बदलला ते शोधत येणाऱ्या पोरांचा, पुष्कळ वेळ वाचेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक महा ई-सेवा केंद्र चालक

ता. क. सरकारी मराठीतला ‘अ. ज.’ का वापरत नाही, असे कुणी विचारेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ‘अ. जा.’ म्हणजे अनुसूचित जाती आणि ‘अ. ज.’ म्हणजे अनुसूचित जमाती. दोघांत फरक एका कान्याचा. हिंदीवाले ‘अजा’ आणि ‘अजजा’ लिहून थोडे तरी अंतर ठेवतात, आपण तेवढेही ठेवलेले नाही. महाराष्ट्रात लोकसभेचे चार मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. पाच अनुसूचित जातींसाठी आहेत, अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. पुढच्या निवडणुकीचा तक्ता लावताना दिंडोरी आणि शिर्डी यांच्यापुढचे कंस तेवढे दोनदा तपासा. कान्याची चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतून सहज सुटते.